ग्रेप मारून पाहिलंस का?

मुक्त सॉफ्टवेअरच्या दुनियेत तुमच्यापासून कुणी काही लपवून ठेवत नाही. शोधणाऱ्याची पहिली गोची इथेच होते. विकतचं सॉफ्टवेअर बिघडलं की निदान कंपनीच्या नावाने बोटं मोडता येतात. कोड त्यांच्याकडे कुलपात, आपण काय करणार, असं म्हणून चहाला जाता येतं. इथे ती सोय नाही. सोर्स कोड समोर, डॉक्युमेंटेशन समोर, वीस वर्षांपूर्वी कुठली ओळ कुणी बदलली तेही समोर. एवढं सगळं उघड्यावर मांडलेलं असताना तुम्हाला हवं ते सापडत नसेल तर दोष कुणाचा, हे तोंडावर कुणी बोलत नाही. मंडळी सभ्य असतात. फक्त विचारतात, "ग्रेप मारून पाहिलंस का?"

लिनक्सच्या कर्नलचंच, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचंच घ्या. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने पहिली आवृत्ती बाहेर सोडली तेव्हा तिच्यात दहाएक हजार ओळी होत्या. चिकाटीच्या माणसाने दिवाळीच्या सुट्टीत वाचून संपवाव्यात इतक्याच. आज कॉमेंट, कोऱ्या ओळी आणि डॉक्युमेंटेशन धरून हा आकडा ४ कोटींच्या घरात गेला आहे. सेकंदाला एक ओळ या वेगाने, न झोपता, न जेवता वाचायचं म्हटलं तरी सव्वा वर्ष लागेल. त्यात दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, म्हणजे तुम्ही शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात बदललेली असणार. तरीही "कोड हेच खरं डॉक्युमेंटेशन" असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. जरा चौकशी केली की कळतं, तो कोड त्यांनीच लिहिलेला असतो.

तेव्हा वाचणं बाद. उरतं शोधणं, आणि शोधायचं म्हणजे ग्रेप. फायलींच्या ढिगाऱ्यातून एखादा शब्द असलेल्या सगळ्या ओळी वेचून देणारं हे अवजार १९७३ च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये जन्मलं. त्याची जन्मकथा प्रत्येक नोकरदाराने पाठ करून ठेवावी अशी आहे. डग मॅकिलरॉय हे तिथले विभागप्रमुख. त्यांनी केन थॉम्पसनला सांगितलं, फायलींमध्ये शोधाशोध करणारं काहीतरी असायला हवं बुवा. थॉम्पसन म्हणाला, रात्रभर विचार करतो. खरी गोष्ट अशी की असा प्रोग्रॅम त्याने स्वतःपुरता आधीच लिहून ठेवलेला होता. त्यातले बग काढायला, थोडं झाडूनपुसून घ्यायला त्याने तासभर घालवला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे ठेवला. साहेब खूश, अगदी हेच हवं होतं म्हणाले. कामाला किती वेळ लागेल हे वरिष्ठांना कसं सांगावं, यावर आमच्या धंद्यात पुढे बरीच पुस्तकं आली, पण एवढा नेटका धडा एकातही नाही.

पन्नास वर्षं उलटून गेली तरी ग्रेप त्याच निर्विकारपणे काम करतो. त्याचे फक्त दोन स्वभाव आहेत. एक तर तो काहीच देत नाही, नाहीतर सगळंच देतो.

काहीच न देण्याचा प्रकार जास्त छळतो. स्क्रीनवर एरर दिसतोय. अक्षरन् अक्षर दिसतोय. तोच मजकूर उचलून कोडात शोधावा तर शून्य. म्हणजे हा एरर आला कुठून, आकाशातून? बऱ्याचदा झालेलं एवढंच असतं की लिहिणाऱ्याने ओळ फार लांबली म्हणून वाक्य मधोमध तोडून दोन ओळींत लिहिलेलं असतं आणि ग्रेप बिचारा एकेक ओळ सुटी बघतो. हा छळ इतका जुना आहे की कर्नलच्या कोडिंगविषयक नियमावलीत त्यावर कलम आहे. एरवी ही नियमावली ओळीच्या लांबीबाबत मराठी शाळेतल्या शुद्धलेखनाच्या बाईंइतकी कडक. ओळ ८० अक्षरांच्या आत बसवायला पाहा म्हणते. पण वापरणाऱ्याला दिसणारा संदेश मात्र कितीही लांबला तरी तोडू नका, असं स्पष्ट बजावते. कारण? तोडलात तर तो ग्रेपला सापडणार नाही. एखाद्या अवजाराच्या सोयीसाठी व्याकरणाला अपवाद करायचा, हा मान भल्याभल्यांना मिळत नाही.

याच कर्नलमध्ये नवख्यांची हमखास फजिती करणारी आणखी एक जागा आहे. फाइल उघडणाऱ्या सिस्टिम कॉलचं नाव सिस-ओपन. कॉलेजात शिकवलेलं असतं, पुस्तकात छापलेलं असतं. मुलगा उत्साहाने ग्रेप मारतो. हेडर फाइलमध्ये त्याची घोषणा सापडते. कॉमेंटमध्ये चार जण त्याच्याविषयी बोलताना सापडतात. फक्त ते फंक्शन जिथे प्रत्यक्ष लिहिलंय ती जागा काही केल्या सापडत नाही. कारण तिथे हे नाव लिहिलेलंच नाही! तिथे एक मॅक्रो आहे, त्याच्या कंसात नुसतं 'ओपन' आहे, आणि 'सिस' हा भाग कंपाइल करताना आपोआप पुढे चिकटतो. म्हणजे जे नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे ते जन्मगावी कुणाला माहीत नाही. आता नुसतं 'ओपन' शोधून बघ, असं त्या मुलाला सांगावं, तर ग्रेपचा दुसरा स्वभाव जागा होतो.

सगळंच देणाऱ्या ग्रेपपुढे माणूस हतबल होतो. टर्मिनलवरून ओळी धबाधबा वाहत जातात, आपण कंट्रोल-सी दाबतो, त्या थांबत नाहीत, आपण पुन्हा दाबतो, शेवटी थांबतात तेव्हा आपल्याला काय शोधायचं होतं तेच विसरलेलं असतं. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये तर खास मौज. तिथे कुणीतरी 'मिनिफाय' केलेली फाइल ठेवून दिलेली असते, म्हणजे जागा वाचावी म्हणून अख्खा प्रोग्रॅम एकाच ओळीत दाबून बसवलेला. ग्रेप नियमाने वागणारा प्राणी. शब्द ओळीत सापडला? मग ओळ दाखवली पाहिजे. तो ती ओळ दाखवतो. ती ओळ दोन लाख अक्षरांची असते. तुमचा शब्द त्यात कुठेतरी असतोच, त्याबद्दल ग्रेपवर खोटेपणाचा आळ घेता येणार नाही.

मेन्यूमधला एखादा शब्द शोधायला जावं तर जगातल्या निम्म्या भाषा भेटायला येतात. भाषांतरांच्या फायली कोडच्या शेजारीच असतात आणि प्रत्येकीत मूळ इंग्रजी वाक्य आधी, त्याखाली भाषांतर. त्यामुळे एक वाक्य शोधलं की ते बास्कपासून व्हिएतनामीपर्यंत सगळ्यांकडे सापडतं. त्या रांगेत मध्येच एमआर-डॉट-पीओ ही मराठीची फाइल दिसते आणि गावाकडचं माणूस स्टेशनवर भेटल्यासारखं वाटून आपण काम सोडून ती उघडतो. ही फाइल वाचण्यासारखी असते. मूळ वाक्य जरा बदललं की गेटटेक्स्ट नावाचं अवजार जुन्या भाषांतरांतलं दिसायला जवळचं वाटणारं उचलतं, नव्याखाली चिकटवतं आणि वर 'फझी' असा शेरा मारतं. म्हणजे, मला नक्की खात्री नाही, कुणीतरी बघून घ्या. बघून घेणारा स्वयंसेवक कधीकधी वर्षानुवर्षं येत नाही. आपण मात्र ती फाइल मन लावून वाचतो, तिथल्या भाषेला नावं ठेवतो, आणि अर्ध्या तासाने आठवतं की आपण छपाईचा बग शोधत होतो.

एवढं झाल्यावर हताश माणूस डॉक्युमेंटेशनकडे वळतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनचं पहिलं पान सुरेख असतं. इन्स्टॉल कसं करायचं, 'हॅलो वर्ल्ड' कसं छापायचं, हे इतकं प्रेमाने समजावलेलं असतं की डोळे भरून यावेत. दुसऱ्या पानावर लेखकाला घाई झालेली जाणवते. तिसऱ्या पानावर "हे प्रकरण लिहायचं आहे" एवढंच. फंक्शनांची माहिती असते, नाही असं नाही. 'सेट-मोड : मोड सेट करतो.' 'मोड : जो मोड सेट करायचा तो.' 'परत काय मिळतं : मोड सेट झाला की नाही ते.' यात चूक काढून दाखवा. नाही काढता येत.

जुन्या लोकांचं बरं होतं. १९७१ च्या नोव्हेंबरात बेल लॅब्जमधल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली मार्गदर्शिका निघाली, थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. प्रत्येक कमांडला साधारण एक पान, आणि त्या पानाच्या शेवटाकडे 'बग' असा स्वतंत्र मथळा. आमचं हे इथे बिघडतं, इकडे लक्ष असू द्या, असं स्वतः होऊन लिहून दिलेलं. आपल्याकडे लग्न ठरवताना एवढा मोकळेपणा दाखवला असता तर निम्मे वकील उपाशी मेले असते. पुढे मुक्त सॉफ्टवेअरवाली ग्नू मंडळी आली. त्यांना ही पद्धत अपुरी वाटली, म्हणून त्यांनी 'इन्फो' नावाची सविस्तर व्यवस्था काढली. आता तुम्ही मॅन पान, म्हणजे मॅन्युअलचं पान, उघडता. ते थोडंफार सांगतं आणि तळाशी म्हणतं, पूर्ण माहिती इन्फोमध्ये आहे, तुमच्याकडे इन्फो नीट बसवलेलं असेल तर मिळेल. तुम्ही इन्फो टाइप करता. ते बसवलेलं नसतं. बसवता. उघडतं. आता त्यातून बाहेर कसं पडायचं, याची माहिती इन्फोमध्ये आहे.

म्हणून माझं मत असं झालंय की खरी माहिती ना कोडमध्ये असते ना डॉक्युमेंटेशनमध्ये. कोड काय करतो ते सांगतो, डॉक्युमेंटेशन काय करायचं मनात होतं ते सांगतं, आणि दोघांचं का पटत नाही हे फक्त कॉमेंट सांगतात. कॉमेंट म्हणजे लिहिणाऱ्याने रात्री दोन वाजता स्वतःशी केलेली बडबड. ती खरी असेलच असं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यावर 'रवा' लिहिलेलं असतं आणि आत गेली सात वर्षं साबुदाणा असतो, घरच्यांना ते माहीत असतं, पाहुणा फसतो. तसं पुष्कळ कॉमेंटचं असतं. पण कॉमेंट लिहिणाऱ्याची मनःस्थिती मात्र बिनचूक सांगतात.

अपोलो ११ चंच बघा. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या यानाचा कोड आज कुणालाही बघता येतो. २०१६ मध्ये तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आला तेव्हा जगभरचे लोक त्यात शोधाशोध करायला धावले. चंद्रावर उतरण्याची समीकरणं ज्या फाइलमध्ये आहेत तिथे एका ओळीशेजारी लिहिलंय : तात्पुरतं आहे, अशी आशा, आशा, आशा. तीनदा. ते तात्पुरतं तसंच चंद्रावर गेलं. तात्पुरत्या कोडची ही सर्वांत उंच मजल म्हणावी लागेल. लोकही असे बेरकी की तिथेच त्यांनी त्या कोडविषयी तक्रारी नोंदवल्या. त्यातली एक अशी की एका ग्राहकाला टाकी ढवळताना जरा गंभीर अडचण आली आहे. रोख अर्थातच ढवळतानाच टाकी फुटलेल्या अपोलो १३ कडे. क्वेक ३ या खेळाचा कोड २००५ मध्ये खुला झाला. त्यात वर्गमुळाचा व्यस्त काढणारी एक करामत आहे, आणि तिच्यातल्या मुख्य ओळीशेजारच्या कॉमेंटचं शुद्ध मराठी 'हे काय च्यायला' असं होईल. करामत चालते. ती नेमकी कुणाच्या डोक्यातून निघाली हे शोधताना लोकांनी एकाकडून दुसऱ्याकडे बोट दाखवत पार ऐंशीच्या दशकापर्यंत मजल मारली.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आहे. साल १९७५. एक प्रोसेस थांबवून दुसरी चालू करणारा अवघड भाग, आणि त्यावर डेनिस रिचीची कॉमेंट : हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. लोकांनी याचा अर्थ उर्मटपणा असा घेतला, टी-शर्टांवर छापला. रिचीने पुढे खुलासा केला की 'हे परीक्षेला येणार नाही' अशा सुरात ते लिहिलं होतं; आणि खरी अडचण अशी की तिथे काय चाललंय ते आम्हालाही समजलेलं नव्हतं.

त्या आवृत्तीचं समजावणं मग तिसऱ्याच माणसाने केलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी कर्नलच्या नऊएक हजार ओळी छापल्या आणि सोबत विद्यार्थ्यांसाठी त्यावर भाष्य लिहिलं. मुद्देसूद, निवांत, जिथे कळत नाही तिथे कळत नाही म्हणणारं. एखाद्या सॉफ्टवेअरचं इतकं चांगलं डॉक्युमेंटेशन झालं म्हटल्यावर पुढे काय व्हावं? सातव्या आवृत्तीच्या परवान्यात युनिक्सच्या मालक कंपनीने अट घातली की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. मग जे व्हायचं तेच झालं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, असं करत ते भाष्य वीसेक वर्षं हातोहात फिरलं आणि १९९६ मध्ये एकदाचं पुस्तक म्हणून राजरोस छापलं गेलं. चांगलं डॉक्युमेंटेशन लोक वाचत नाहीत अशी तक्रार असणाऱ्यांनी त्यावर बंदी घालून बघायला हरकत नाही.

कॉमेंट आहे, ती खरी आहे, सविस्तर आहे, आणि तरीही उपयोग नाही, असंही होतं. लिब्रेऑफिसचा कोड मुळात स्टारऑफिसचा. ते जर्मनीतल्या ल्युनेबर्ग गावच्या कंपनीचं, १९८५ पासूनचं. १९९९ मध्ये सन नावाच्या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, पुढच्या वर्षी कोड खुला केला, आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं झालं. जगभरचे स्वयंसेवक आनंदाने कोड उघडून बसले. सगळं काही खुलं होतं, जागोजागी कॉमेंट होत्या, आणि त्या जर्मनमध्ये होत्या. स्प्रेडशीटचा गोल गोल फिरवणारा बग आहे, नेमक्या ओळीपर्यंत तुम्ही पोचला आहात, तिथे कुणीतरी कळवळून धोक्याची सूचना लिहून ठेवली आहे, आणि तिच्यातला तुम्हाला कळणारा एकमेव भाग म्हणजे उद्गारचिन्ह. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मनचे वर्ग करून ठेवलेल्यांना एरवी प्रश्न पडतो की याचा उपयोग काय. त्यांच्यासाठी ही संधी होती. नवख्या स्वयंसेवकांना सोपं काम म्हणून याच कॉमेंट इंग्रजीत आणायला देत असत, आणि कोडमधून जर्मन कॉमेंट हुडकून काढणारी एक खास स्क्रिप्टही लिहिली गेली. हे काम वर्षानुवर्षं चाललं.

कॉमेंटनेही हात टेकले की शेवटचा उपाय : गिट ब्लेम. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार, आणि त्याची ही कमांड प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव आणि तारीख मांडते. (सबव्हर्जन या आधीच्या अवजारात याच कमांडला 'प्रेझ' असंही म्हणता येई. ओळी त्याच, माणसं तीच, फक्त आपण खुशीत आहोत की रागात एवढाच फरक.) ब्लेम लावताना एक आसुरी आनंद असतो. आता सापडलास बेट्या. मग कमिटचा, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीचा, संदेश उघडावा तर तिथे 'फिक्स'. त्याआधीचा 'पुन्हा फिक्स'. त्याच्या आधीचा 'आता नक्की'.

कर्नलमध्ये जुन्या ओळींवर ब्लेम लावला तर वेगळीच हकीकत निघते. बघावं तिथे लिनस टोरवाल्ड्स, आणि बघावं तिथे १६ एप्रिल २००५. नेटवर्क? लिनस, १६ एप्रिल. साउंड कार्ड? लिनस, १६ एप्रिल. ज्या फ्लॉपीला आज बघायला संग्रहालयात जावं लागेल तिचा ड्रायव्हर? तेच. एका दिवसात १७ हजारांवर फायली, ६७ लाखांवर ओळी. कारण साधं आहे. त्या महिन्यात त्याने गिट नवं नवं लिहिलं होतं आणि असलेला सगळा कोड एका कमिटमध्ये आत ढकलून दिला. जुना इतिहास हाताशी आहे, पण तो आणायच्या भानगडीत मी पडत नाही, असं त्याच कमिटमध्ये त्याने सांगून टाकलंय. त्यामुळे त्याआधीच्या चौदा वर्षांत ज्यांनी ज्यांनी चुका केल्या ते सगळे सुटले आणि सगळं बिल एकाच्या नावावर फाटलं.

हल्ली शोधायचंच कशाला, एआयला विचारावं, असं तरुण मंडळी म्हणतात. विचारावं. तो तत्काळ फंक्शनचं नाव सांगतो, फाइलचं नाव सांगतो, वापराचं उदाहरण देतो. सगळं असं शोभून दिसतं की असं फंक्शन खरंच असायला हवं होतं असं वाटून जातं. मग ग्रेप मारावा. शून्य.

याउलट कधीकधी असं काही खरोखर असतं ज्याची कुणी कल्पनाही केली नसती. लिनक्सवर मॅन पानं दाखवणारा मॅन-डीबी हा प्रोग्रॅम. २०१७ मध्ये एकाच्या लक्षात आलं की आपल्या स्वयंचलित चाचण्या मधूनच नापास होतात. दिवसा ठीक, रात्री ठीक, फक्त मध्यरात्रीनंतर बरोबर साडेबाराला जी चाचणी पडेल ती नापास, कारण मॅन त्या मिनिटाला एक भलताच संदेश छापतो : गिमी गिमी गिमी. भूतबाधा वाटावी असाच प्रकार. खुलासा प्रोग्रॅमची देखभाल करणाऱ्यानेच केला. 'आबा' या स्वीडिश गटाचं 'गिमी! गिमी! गिमी! (अ मॅन आफ्टर मिडनाइट)' असं एक गाणं आहे. मध्यरात्रीनंतर मॅन मागितला तर काय उत्तर यावं, यावरचा एका मित्राचा विनोद आवडला म्हणून याने २०११ मध्ये ती ओळ कोडात घातली. सहा वर्षं ती तिथे सर्वांसमक्ष उघडी पडून होती. चाचण्या बिघडतात म्हटल्यावर त्याने ती काढून टाकली.

आता रात्री साडेबाराला नुसतं 'मॅन' एवढंच टाइप केलं तर तो दिवसभर जे विचारतो तेच विचारतो : तुम्हाला कुठलं पान हवंय? ते माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं, बाबा?